समुद्रातला किल्ला, पायी जायची वाट : जळगाव-धुळ्याहून अलिबागला निघण्याआधी हे वाचा

खान्देशात नद्या आहेत, धरणं आहेत, सातपुडा आहे. समुद्र मात्र नाही. त्यामुळे दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो, "यंदा कोकणात जाऊ." मग कुणीतरी मोबाईलवर रील दाखवतं. भर समुद्रात किल्ला आहे, आणि माणसं ओल्या वाळूवरून चालत थेट त्याच्या दरवाज्यापर्यंत पोहोचली आहेत.

हा किल्ला म्हणजे अलिबागचा कुलाबा किल्ला. रील खोटी नसते, इथे खरंच चालत जाता येतं. पण ती वाट दिवसातले ठरावीक तासच उघडी असते, आणि ते तास रोज बदलतात. हे रीलमध्ये दिसत नाही. कोकणातल्या पोराला ते लहानपणापासून ठाऊक असतं. चारशे-पाचशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला ते कुणी सांगितलेलंच नसतं. किल्ल्यात पर्यटक अडकल्याच्या बातम्या त्यामुळेच अधूनमधून येतात.

म्हणून हॉटेल आणि गाडीचं बुकिंग करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अलिबागच्या सहलीचं वेळापत्रक तुम्ही नाही, समुद्र ठरवतो.

अलिबागच का?

नकाशा पाहिला तर धुळ्याला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेच्या बाजूचा आहे. खान्देशातून वाहणारी तापी तिथेच अरबी समुद्राला मिळते. जुन्या काळी खान्देशातला माल बुऱ्हाणपूर-सुरत मार्गानेच परदेशी जायचा.

पण किनारा, किल्ला आणि जुनं गाव हे तिन्ही एकाच ठिकाणी, पायी अंतरावर हवं असेल तर अलिबागला तोड नाही. जगात अशी गावं मोजकीच आहेत. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं पेनिस्कोला हे त्यातलं एक. समुद्रात घुसलेल्या खडकावर मध्ययुगीन किल्ला, खाली लांबलचक वाळूचा किनारा. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचं चित्रीकरण झाल्यावर तिथे जगभरातून लोक जाऊ लागले. अलिबागचा किल्ला त्या जातकुळीतला आहे. फरक एवढाच की इथली वाट आजही समुद्र रोज दोनदा झाकतो आणि दोनदा उघडतो.

किल्ला कुणाचा?

शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास, कुलाब्याचं काम सुरू करवलं. पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. मुरूडच्या जंजिऱ्यावरचा सिद्दी, मुंबईतले इंग्रज आणि चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज या तिघांच्या मधोमध मराठी आरमाराला ठाणं हवं होतं.

या ठाण्याला खरा दरारा मिळाला तो सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात. परवान्याशिवाय जाणारी परदेशी जहाजं ते अडवत. इंग्रजांच्या कागदपत्रांत म्हणूनच त्यांना 'चाचा' म्हटलं गेलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते आपल्या किनाऱ्यावर कर वसूल करत होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर चढाई केली. ती फसली. कान्होजींचं निधन १७२९ मध्ये झालं. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे आणि किनाऱ्यावरून तिथे सहज जाता येतं.

आंग्र्यांचं संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. पुढे जिल्ह्याला नाव मिळालं तेही या किल्ल्याचंच. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, पण मुख्यालय आजही अलिबागच आहे.

एक गोंधळ इथेच दूर करूया. कुलाबा आणि जंजिरा हे दोन वेगळे किल्ले आहेत. जंजिरा अलिबागपासून साधारण ५० किलोमीटर दक्षिणेला मुरूडजवळ आहे आणि तिथे बोटीनेच जावं लागतं. चालत जाण्याजोगा आहे तो कुलाबा.

भरती-ओहोटीचं गणित

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचं पाणी चढतं आणि उतरतं. अलिबागच्या किनाऱ्यावर हे दिवसातून दोनदा घडतं. एका भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती.

ही वेळ रोज बदलते, कारण चंद्र रोज आकाशात थोडा पुढे सरकतो. एका तिथीला तो सूर्यापासून १२ अंश लांब जातो. पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबात १२ अंश म्हणजे ४८ मिनिटं. म्हणून आजची भरती सकाळी नऊला असेल, तर उद्याची पावणेदहाच्या सुमारास.

यावरूनच किनाऱ्यावरच्या लोकांनी एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. येईल ती भरतीची अंदाजे वेळ. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

दिवसा येणाऱ्या ओहोटीच्या अंदाजे वेळा अशा निघतात :

- तृतीया : सकाळी साडेआठ
- पंचमी : सकाळी दहा
- अष्टमी : दुपारी सव्वाबारा
- एकादशी : दुपारी अडीच
- त्रयोदशी : दुपारी चार
- पौर्णिमा आणि अमावास्या : संध्याकाळी साडेपाच

हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. तासाभराचा फरक पडू शकतो. तारीख निवडायला तिथी वापरा, पण प्रत्यक्ष किल्ल्याकडे निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक ऑनलाइन पाहा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना किंवा कोळी बांधवांना विचारा. ते सांगतील तेच अखेरचं.

मग कोणता दिवस चांगला?

इथे आणखी एक मेख आहे. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांचा जोर एका रेषेत येतो. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांचा जोर काटकोनात असतो, त्यामुळे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. याला भांगाची भरती-ओहोटी म्हणतात.

याचा सहलीवर थेट परिणाम होतो. अष्टमी-नवमीला ओहोटी भर दुपारी येते, म्हणजे वेळ सोयीची वाटते. पण पाणी पुरतं उतरत नाही आणि किल्ल्याच्या वाटेवर साचलेलंच राहू शकतं. पौर्णिमेला पाणी भरपूर उतरतं, पण ओहोटी येते सूर्य मावळायच्या बेतात. किल्ला पाहून परत निघेपर्यंत अंधार आणि भरती दोन्ही एकदम येतात.

त्यामुळे तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान असते. ऊन चढण्याआधी किल्ला पाहून होतो. एकादशी-द्वादशीही चालते, मात्र तेव्हा दुपारचं ऊन सोसावं लागतं. चतुर्थीला किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनाला गर्दी असते, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात, "शनिवार-रविवार आहे, चला" असं न करता आधी कॅलेंडरवर तिथी पाहायची. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर यासाठी पुरेसं आहे.

किल्ल्यात किती वेळ थांबायचं?

किल्ला किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे. ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेआधी साधारण तासभर निघायचं. किल्ला पाहून ती वेळ उलटल्यावर फार न रेंगाळता परतायचं. चालायचं नसेल तर घोडागाड्या असतात.

पाहण्यासारखं बरंच आहे. तटाचे मोठमोठे दगड चुना न वापरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी दगडांमधल्या फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या या बांधकामाच्या टिकण्याचं हे एक कारण सांगितलं जातं.

आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. ते १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलं. चारी बाजूंना समुद्र असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आणि पुष्करणी आहे. तटावर गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्या गाड्यांवरचा मजकूर नीट पाहा. त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात बनल्या आणि त्यावर १८४९ हे साल आहे. म्हणजे आंग्र्यांचं राज्य गेल्यानंतरच्या. 'कान्होजींच्या तोफा' असं कॅप्शन टाकण्याआधी हे साल आठवा.

मुख्य किल्ल्याला लागूनच सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत असल्याने प्रवेशाला तिकीट लागतं.

अडकलात तर?

पाणी वाढताना नेहमी समोरून, लाटा उसळत येतं असं नाही. किल्ला आणि किनारा यांच्यामधला सखल भाग दोन्ही बाजूंनी हळूहळू भरत जातो. पायाखाली घोटाभर वाटणारं पाणी पुढे मध्यभागी कमरेपर्यंत असू शकतं.

अशा वेळी एकच नियम. किल्ल्यातून पाण्यात उतरायचं नाही. किल्ला सुरक्षित आहे, वाट नाही. पुढची ओहोटी काही तासांत येतेच. तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा, ११२ वर फोन करा. समुद्रात कुणी संकटात असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर परतीच्या वेळेचा मोबाईलवर अलार्म लावूनच निघा. पावसाळ्यात किल्ल्याचा बेत करूच नका.

किनारे आणि पोहणं

गावाचा किनारा फिरायला आणि सूर्यास्त पाहायला चांगला आहे. निवांतपणा हवा असेल तर जवळच वरसोली, दक्षिणेला आक्षी आणि नागाव, उत्तरेला किहीम असे किनारे आहेत. किहीमला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता.

गिरणेच्या किंवा तापीच्या डोहात पोहायला शिकलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नदीचा प्रवाह एका दिशेने वाहतो आणि काठ जवळ असतो. समुद्रात परतणारं पाणी माणसाला आत ओढतं. विशेषतः ओहोटी लागलेली असताना पोहायला उतरणं धोक्याचं. गुडघाभर पाण्यात खेळा, भरतीच्या वेळी जीवरक्षक असतील तिथेच उतरा. आत ओढले गेलात तर प्रवाहाच्या विरुद्ध झगडू नका. किनाऱ्याला समांतर हात मारत त्या पट्ट्यातून बाहेर या आणि मग काठाकडे वळा.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू घट्ट दिसते, पण चाक रुतलं की भरती थांबत नाही. एमएच १८ असो वा १९, समुद्र पासिंग पाहत नाही.

गावही पाहा

'अलिबागसे आया है क्या' या हिंदी टोमण्यामुळे गावाचं नाव भलत्याच कारणाने गाजलं. तो बंद व्हावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. प्रत्यक्षात हे गाव विज्ञानाच्या इतिहासात मानाचं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं बिघडण्याचा धोका निर्माण झाला. त्यामुळे १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी इथे आजही घेतल्या जातात.

गावात इस्राएल आळी आहे आणि तिथे बेने इस्राएल समाजाचं जुनं प्रार्थनास्थळ आहे. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगाव इथे जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. त्यांची घरची भाषा मराठी.

मराठीचाच विषय निघाला तर आक्षीला शिलालेख आहे. काही अभ्यासक तो इ.स. १०१२ चा मानतात आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना करतात. सालाच्या वाचनाबद्दल मतभेद आहेत, पण दगड मोलाचा आहे यावर नाहीत.

दुसरा दिवस : रेवदंडा आणि कोर्लई

अलिबागपासून सुमारे १७ किलोमीटरवर रेवदंडा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे तटबंदीचं शहर वसवलं. आता नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पुढच्या वर्षी हा भागही मराठ्यांकडे आला.

खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. त्या वेळी पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा राजा दुसरा फिलिप होता, म्हणजे काही काळ या किनाऱ्यावरचा अंमल स्पेनच्या राजाच्या नावाने चालत होता. किल्ल्याखालच्या कोर्लई गावात काही कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून बनलेली बोली बोलतात. ती तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे हजाराच्या आसपासच उरले आहेत. अहिराणी घरात बोलणाऱ्या माणसाला या दोन शब्दांचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

जायचं कसं?

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जळगाव, भुसावळ, चाळीसगावकडून येणाऱ्यांनी मुंबईकडच्या गाडीने कल्याण किंवा दादर गाठावं. त्यानंतर दोन पर्याय आहेत :

- रस्त्याने : पनवेलहून पेण, वडखळमार्गे अलिबाग. पनवेलपासून सुमारे ७० किलोमीटर. एसटी मिळते.
- पाण्याने : गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यापर्यंत बोट, साधारण तासाभराची. पुढे सुमारे २० किलोमीटर रस्ता. गेटवेची ही बोटसेवा पावसाळ्यात बंद असते.

स्वतःची गाडी असेल तर धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक, कसारा घाट, भिवंडी, पनवेल, पेण असा रस्ता आहे. धुळ्यापासून साधारण ४०० किलोमीटर, जळगावहून त्यात आणखी शंभरच्या आसपास मिळवा. मुंबईतच मुक्काम असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. २०२० पासून ती सुरू आहे.

रात्रभर प्रवास करून सकाळी पोहोचलात आणि लगेच किल्ल्याकडे पळालात, तर थकलेल्या अंगाने घाई होते. पहिला दिवस गाव आणि किनारा, दुसऱ्या सकाळी किल्ला, मग रेवदंडा-कोर्लई, असा दोन मुक्कामांचा बेत बरा.

खायचं काय?

मासे खात असाल तर प्रश्नच नाही. शाकाहारी मंडळींसाठी नागाव-आक्षीच्या घरगुती खानावळींत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी आणि मोदक मिळतात. झणझणीत शेवभाजीची सवय असलेल्या जिभेला हे सौम्य वाटेल. हिवाळ्यात गेलात तर पोपटी चुकवू नका. वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासोबत मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. शेतात भरीत पार्टी करणाऱ्यांना हा प्रकार लगेच आपलासा वाटेल.

येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणा. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसंच या कांद्यालाही मिळालं आहे.

निघण्याआधी पाच गोष्टी

१. तारीख ठरवताना तिथी पाहा. तृतीया ते पंचमी उत्तम.
२. किल्ल्याच्या दिवशीचं भरती-ओहोटीचं कोष्टक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.
३. वाळूत आणि पाण्यात चालेल अशी चप्पल, पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. वाटेत सावली नाही.
४. परतीच्या वेळेचा अलार्म लावा आणि तो वाजला की फोटो थांबवा.
५. हा लेख घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. सहलीची तारीख ज्यांच्या हातात असते, त्यांनी वाचला पाहिजे.